यादीत नाव नाही म्हणून पोट दुखते तेव्हा

गेल्या हिवाळ्यात एक आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या तपासणी शिबिरात आली. "सिस्टर, ताप नाही, काही नाही, पण तीन दिवस झाले जेवत नाही. डोकं दुखतं म्हणते." मुलगी खाली मान घालून बसलेली. बोलता बोलता कळले की शाळेच्या रग्बी संघाची यादी फळ्यावर लागली होती आणि तिचे नाव नव्हते. वडील म्हणाले, "बरं झालं, आता अभ्यास कर." प्रशिक्षक काहीच म्हणाले नाहीत.

रग्बी आपल्या वस्त्यांना तसा नवा खेळ. अंडाकृती चेंडू घेऊन पुढे धावायचे, पास मात्र मागेच द्यायचा, समोरच्याला खांद्याखाली धरून पाडायचे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सात-सात खेळाडूंचा प्रकार आला. हा खेळ खेळायला फारसे सामान लागत नाही, म्हणून मुली-मुले हौसेने जातात. पण सात जणांच्या खेळात राखीव धरून साधारण 12 जणांना जागा. सरावाला तीस-चाळीस आले तर रडत घरी जाणारेच जास्त असणार.

अशा वेळी मोठी माणसे एक वाक्य हमखास बोलतात, "चटके बसल्याशिवाय माणूस घडत नाही." त्याला शास्त्राचा आधारही दाखवला जातो. कॉलिन्स आणि मॅकनमारा या दोन अभ्यासकांनी 2012 मध्ये लिहिले होते की वर पोचणाऱ्या खेळाडूंची वाट खडतर असते आणि गुणवत्तेला धक्के लागतात. पण त्यांच्याच गटाने 2016 मध्ये पुढचा अभ्यास मांडला तो कुणी सांगत नाही. थोर ठरलेले आणि थोडक्यात राहून गेलेले, धक्के दोघांनाही बसले होते. फरक पडला तो धक्क्याला सामोरे जाताना त्यांच्याकडे काय होते यामुळे. धक्का आपोआप कुणाला घडवत नाही. चटक्यांनी माणूस घडत असता तर आपल्या वस्त्यांतून एव्हाना किती संघ उभे राहिले असते!

इंग्लंडच्या रग्बी अकादमींतले एक निरीक्षण यापेक्षा उपयोगी आहे. वयोगट ठरावीक तारखेपासून मोजतात. ती 1 जानेवारी धरली, तर जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते, पण दोघेही एकाच गटात. साहजिकच मोठ्याची निवड जास्त होते. (आपल्यातल्या कित्येकांची शाळेतली जन्मतारीख 1 जून, ती गोष्ट वेगळी.) मात्र निवडल्या गेलेल्यांपैकी पुढे मोठ्यांच्या व्यावसायिक संघापर्यंत कोण पोचले हे पाहिले, तेव्हा वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त निघाले. अभ्यासकांच्या मते, रोज आपल्यापेक्षा दांडग्या मुलांशी झुंजून ती पक्की झाली. आता हेही बघा, की ही मुले अकादमीच्या आत होती. त्यांना मैदान, मार्गदर्शन, जेवण मिळत होते. ज्याला दाराबाहेर काढले त्याला हा फायदा कुठून मिळणार? म्हणून नाव आले नाही तरी मुलाची सरावातली जागा राहिली पाहिजे. आम्ही प्रशिक्षकांकडे सर्वात आधी हेच मागतो.

शरीराची वाढही सर्वांची एकदम होत नाही. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण त्यात दोन-दोन वर्षे पुढेमागे होऊ शकते. तेरा वर्षांची दोन मुले शेजारी उभी केली तर एकाला मिसरूड फुटलेले, दुसरा अजून लहान पोर. तेव्हाची निवड ही बरीचशी वाढीची निवड असते. न्यूझीलंडमध्ये लहान मुलांचे काही गट वजनावरूनही पाडतात, ते याचसाठी.

त्या मुलीचे हिमोग्लोबिन आम्ही तपासले. 9.4 निघाले. पंधरा वर्षांच्या मुलीत ते 12 तरी हवे. "मला दमच लागतो, मी हळूच आहे," असे ती स्वतःविषयी धरून बसली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निवडीच्या मैदानावर निम्म्याहून अधिक मुली अर्ध्या दमाने धावत असतील. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडून राहते, हे तर आम्ही रोज पाहतो. हिमोग्लोबिन इतके कमी असेल तेव्हा ती एक गोळी पुरत नाही, डॉक्टरांकडून उपचार घ्यावेच लागतात.

निवडीच्या धास्तीने मुले डोक्याचा मार लपवतात. याबाबत आम्ही कुणाचे ऐकत नाही. टक्कर झाल्यावर चक्कर, गोंधळ, मळमळ, उजेडाचा त्रास, यातले एकही दिसले तर त्या दिवशी खेळ बंद. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झापड किंवा झटके आले तर थेट रुग्णालय गाठा. ब्रिटनमध्ये 2023 पासूनच्या मार्गदर्शनात अशा खेळाडूने 21 दिवसांच्या आत सामन्यात परतू नये असे सांगितले आहे. प्रशिक्षकांनी आधीच जाहीर करावे की मार सांगणाऱ्याची जागा जाणार नाही. नाहीतर मूल सांगणार कशाला?

पालकांनी पहिल्या रात्री उपदेश करू नये. जेवू घाला, झोपू द्या. दोन दिवसांनी मुलाला सोबत घेऊन प्रशिक्षकांना विचारा, काय चांगले आहे, काय कमी पडले, पुन्हा कधी बघणार? उत्तर गुळमुळीत आले तर निकष लेखी मागा. निवड दर वेळी खेळावरूनच होते असे नाही, हे पळवणकर बाळूंच्या समाजाला कुणी नव्याने सांगायला नको. गोलंदाज म्हणून ते हवे होते, कर्णधार म्हणून नको होते. असा प्रकार असेल तर मुलाला "मन घट्ट कर" सांगणे म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणे. तिथे भांडायचे मोठ्यांनी.

ती मुलगी आता उपचार घेते आणि मंगळवार-शुक्रवार सरावाला जाते. पुढच्या यादीतही तिचे नाव नव्हते. या वेळी प्रशिक्षकांनी यादी लावण्याआधी तिला बाजूला घेऊन सांगितले, डाव्या हाताचा पास सुटतो, दोन महिन्यांनी परत बघू. घरी येऊन ती रडली आणि जेवली. आमच्या शिबिराला येताना मुलांची उंची आणि वजन महिन्यागणिक लिहिलेली वही जरूर आणा.