ओझें आधीं, गाडी मागून

तळेगांव दाभाडे येथील रस्त्यांनीं जीं अवजड वाहनें जातांना दिसतात, त्यांत पाठीवर भलें मोठें यंत्र घेऊन सावकाश चालणारा ट्रेलर विद्यार्थ्यांचें लक्ष हटकून वेधून घेतो. येथील औद्योगिक वसाहतींत माती खणणारीं यंत्रें तयार करणारा जेसीबी कंपनीचा कारखाना आहे. शिवाय रस्ते व इमारती बांधणाऱ्या कंत्राटदारांचीं यंत्रें मावळांत सदैव ये-जा करीत असतात. अशा यंत्राकरितां योग्य ट्रेलर कसा निवडावा, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत. विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. परंतु निवड चुकल्यास तिची किंमत केवळ मालकालाच नव्हे, तर त्याच रस्त्यानें जाणाऱ्या निरपराध मनुष्यालाही द्यावी लागते.

पहिला प्रश्न असा कीं, ट्रेलर मुळांत हवा काय? ज्याला आपण सरसकट ‘जेसीबी’ म्हणतों, तें यंत्र रबरी चाकांचें असतें. जवळच्या गांवीं तें आपल्या पायांनींच जातें. ‘पोकलेन’ मात्र लोखंडी पट्ट्यांवर सरपटतें. त्याची गति पायीं चालणाऱ्या मनुष्याहून फारशी अधिक नसते, आणि त्याच्या पट्ट्या डांबरी रस्ता उखडून टाकितात. ह्यास्तव त्याला पाठीवर घेऊनच जावें लागतें.

दुसरा प्रश्न वजनाचा. रस्त्याला वाहनाचें एकूण वजन तितकें जाणवत नाहीं, जितका प्रत्येक आंसाचा भार जाणवतो. जड पालखीला भोई वाढविले म्हणजे प्रत्येकाचा खांदा हलका होतो, तोच हा न्याय. समजा, पोकलेन 20 टनांचें व ट्रेलर स्वतः 10 टनांचा आहे. ह्या 30 टनांपैकीं एक-तृतीयांश भार पुढील ओढगाडीवर, म्हणजे चालक लोक जिला ‘घोडा’ म्हणतात तिच्यावर पडला, तर ट्रेलरच्या आंसांवर 20 टन उरतात. केंद्र सरकारनें 2018 सालीं दोन आंसांच्या जोडीची मर्यादा 19 वरून 21 टन, व तीन आंसांची 24 वरून 27 टन केली. म्हणजे दोन आंसांवर हें ओझें जेमतेम बसेल. तीन आंसांवर तें सुखानें बसेल. बादलीचें व इतर जोडसामानाचें वजन हिशेबांत धरावयास विसरूं नये.

तिसरा प्रश्न उंचीचा व रुंदीचा. साध्या सपाट ट्रेलरचा तळ जमिनीपासून दीड मीटर उंच व यंत्र तीन मीटर उंच असेल, तर माथा साडेचार मीटरांवर जातो. तेंच यंत्र एक मीटर उंचीच्या ‘लोबेड’वर ठेविलें, तर अर्धा मीटर वांचतो. पुलाखालून किंवा विजेच्या तारांखालून जातांना हा अर्धा मीटर प्राणमोलाचा ठरतो. शिवाय ओझें जितकें खालीं, तितकी वळणावर उलटण्याची भीति कमी. रुंदीची सामान्य मर्यादा 2.6 मीटर आहे; यंत्र तीहून रुंद असल्यास आगाऊ परवानगी घ्यावी लागते.

चवथा प्रश्न तोलाचा. बैलगाडींत भार मागें फार झाला कीं गाडी उलाळ होते, व पुढें फार झाला कीं बैलांच्या मानेवर येतो, हें मावळांतील प्रत्येक शेतकरी जाणतो. ट्रेलरचेंही तसेंच आहे. यंत्र फार मागें ठेविल्यास घोड्याच्या चाकांची जमिनीवरील पकड सुटूं लागते. फार पुढें ठेविल्यास त्याच्या आंसांवर मर्यादेबाहेर भार येतो. म्हणून तळ पुरेसा लांब असावा. यंत्राची बादली तळावर टेकवून चारही कोपऱ्यांना साखळ्या आंवळाव्या.

पांचवा प्रश्न वाटेचा. बोरघाटाची गाडीवाट 1830 सालीं खुली झाली, तेव्हांपासून हा उतार वाहनांची परीक्षा पाहत आहे. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारें 550 मीटर उतरावें लागतें. घोड्यासह 40 टनांचें वाहन इतकें खालीं उतरतांना जी शक्ति मोकळी होते, ती सर्व ब्रेकांनींच शोषावयाची म्हटली, तर तेवढ्या उष्णतेनें 600 लिटर थंड पाणी उकळूं लागेल! ब्रेक तापले कीं निकामी होऊं लागतात. म्हणून घाटमाथ्यावरच खालचा गियर घालून इंजिनाच्या रोधानें उतरावें, आणि ट्रेलरच्या प्रत्येक आंसाचे ब्रेक निघण्यापूर्वींच तपासावे.

ओझें असामान्य असलें, तर वाहनही असामान्य लागतें. 2019 सालीं महाराष्ट्रांतून तिरुवनंतपुरम् येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राकडे 70 टन वजनाचें व साडेसात मीटर उंचीचें एक यंत्र निघालें. त्याकरितां 74 चाकांचें वाहन योजावें लागलें. वाटेंत ठिकठिकाणीं रस्ते दुरुस्त करावे लागले, तारा दूर कराव्या लागल्या. आणि सुमारें 1,700 किलोमीटरांचा हा प्रवास 2020 च्या जुलै महिन्यांत, म्हणजे जवळजवळ एका वर्षानें संपला. इतका विलंब झाला, तरी ओझें सुखरूप पोंचलें.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं वाहतुकीचा धंदा असेल. कित्येक पालक शेत सपाट करण्याकरितां यंत्र भाड्यानें आणवीत असतील. त्यांनीं ‘भाडें किती?’ हें विचारण्याआधीं ‘वजन किती, उंची किती, आंस किती व वाट कोणती?’ हें विचारावें. स्वस्त मिळाला म्हणून लहान ट्रेलर पत्करणें म्हणजे घाटांत समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाच्या जिवावर आपले चार पैसे वांचविणें होय. ओझें नीट ओळखावें, आणि मग त्याला साजेल अशी गाडी जोडावी.