रेकॉर्डची बाजू – लेखांक ७ : सुईची परीक्षा द्रुतात

ख्यालाच्या एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. विलंबित सुरू होतो तेव्हा सुई तबकडीच्या कडेला असते, आणि द्रुत रंगात येतो तेव्हा ती लेबलाजवळ पोचलेली असते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण कडेच्या खाचेचा सुईखालचा वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो. लेबलाजवळ तो २१ सेंटिमीटरवर येतो. गवई जिथे सर्वांत वेगाने धावतो, तिथेच खाच सर्वांत हळू सरकते. महागडं मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं, हे ठरवताना मी नेहमी या शेवटच्या पाच मिनिटांपासून सुरुवात करतो.

गेल्या आठवड्यात टोनआर्म पाहिला. आज त्याच्या टोकाचं कार्ट्रिज. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात सुईच्या दांडीला चुंबक चिकटवलेलं असतं आणि कॉइल जागच्या जागी असते. मूव्हिंग कॉइलमध्ये याच्या उलट. केसाहून बारीक तारेची कॉइल दांडीबरोबर डोलते आणि चुंबक स्थिर राहतं. डोलायचं तर कॉइल हलकी हवी, म्हणून वेढे मोजकेच. त्यामुळे वीज अगदी थोडी निर्माण होते. पण वेढे कमी म्हणजे इंडक्टन्सही कमी, आणि वरच्या पट्टीतले बारकावे वाटेत हरवत नाहीत. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनने १९५९ मध्ये आपलं स्टिरिओ ‘एसपीयू’ आणलं. त्यापाठोपाठ १९६० च्या दशकात जपानच्या डेननने तिथल्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी ‘डीएल-१०३’ घडवलं. दोन्ही घराणी अजून चालू आहेत.

आता निवड. यादी करताना आवाजाची वर्णनं वाचू नका. आधी दोन चाळण्या लावा.

पहिली चाळणी टोनआर्मची. कार्ट्रिजची दांडी किती सहज लवते त्याला कंप्लायन्स म्हणतात. ही लवचीकता आणि आर्मचं वजन मिळून एक झोका तयार होतो. त्या झोक्याची गती सेकंदाला ८ ते १२ हेलकावे, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झ असावी. त्याहून कमी झाली तर वाकलेल्या तबकडीच्या चढउतारांवर आर्म झुलू लागतो. जास्त झाली तर संगीताच्या खर्जात लुडबूड करते. हिशेब सोपा आहे: आर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा, तिला कंप्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा.

हा हिशेब न करता मी एकदा २० ग्रॅमच्या जड आर्मवर २५ कंप्लायन्सचं एक नाजूक कार्ट्रिज लावलं होतं. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या शांत खाचेत स्पीकरच्या वूफरकडे लक्ष गेलं. कागदी शंकू धाप लागलेल्या माणसाच्या छातीसारखा आतबाहेर होत होता आणि आवाज मात्र काहीच नव्हता. कार्ट्रिज ७ ग्रॅमचं, स्क्रू एक ग्रॅमचे. गती येते जेमतेम ६ हर्ट्झ. त्याच आर्मवर साडेआठ ग्रॅमचं डीएल-१०३ लावलं तर उत्तर दहाच्या जवळ येतं. इथे एक मेख आहे. जपानी कंपन्या बऱ्याचदा कंप्लायन्स १०० हर्ट्झला मोजून छापतात. डेननचा आकडा ५ आहे. आपल्या सूत्रासाठी तो पावणेदोन ते दोन पट, म्हणजे ९ च्या आसपास धरावा लागतो.

दुसरी चाळणी फोनो स्टेजची. मूव्हिंग मॅग्नेट ४-५ मिलिव्होल्ट देतं, डीएल-१०३ देतं ०.३. चाळीस डेसिबलची साधी फोनो स्टेज सिग्नल शंभरपट करते. मूव्हिंग कॉइलला साठ डेसिबल, म्हणजे हजारपट लागते. सिग्नलबरोबर घरातली घरघरही हजारपट होते. पंख्याचा रेग्युलेटर, शेजारचा ॲडाप्टर, अर्धवट अर्थिंग, सगळे हजेरी लावतात. म्हणून कार्ट्रिजच्या बजेटमधून फोनो स्टेजचे पैसे आधी बाजूला काढा.

दुसरा मार्ग स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरचा. एकास दहाचा ट्रान्सफॉर्मर ०.३ चे ३ मिलिव्होल्ट करतो आणि पुढच्या ४७,००० ओहमच्या इनपुटला शंभराने भागून कार्ट्रिजला ४७० ओहम दाखवतो. कॉइलच्या रोधाच्या दहापट लोड असावा, हा ढोबळ नियम. डीएल-१०३ चा रोध ४० ओहम, तेव्हा ही जोडी जमते. एकास वीसचा घेतला तर ११७ ओहमच उरतात. ते पाच-सात ओहमच्या कॉइलला चालतील, चाळीसच्या नव्हे. माहितीपत्रकांची तुलना करताना आणखी एक पाहा. व्होल्टेज ५ सेंटिमीटर वेगाला मोजलंय की ३.५४ ला? तेच ०.३ दुसऱ्या मापाने मोजलेलं असेल, तर पहिल्या मापात ते ०.४२ होतं.

काही कार्ट्रिजं ‘हाय आउटपुट’ रूपातही मिळतात. जपानच्या हानाचं एसएल ०.५ मिलिव्होल्टचं आहे, भावंड एसएच २ चं. साध्या फोनो स्टेजवरही ते चालतं, पण जादा वेढ्यांचं वजन दांडी वाहते.

दोन्ही चाळण्यांतून खाली उतरलेली तीन-चार नावंच ऐकायची. आता पैसा नेमका कशाला द्यायचा ते पाहू. लेबलाजवळच्या खाचेत १० किलोहर्ट्झची एक लाट अवघ्या २१ मायक्रॉनमध्ये कोरलेली असते. गोल टोकाच्या सुईचा गोळाच सुमारे ३३ मायक्रॉन व्यासाचा. पायऱ्यांवरून चेंडू घरंगळावा तशी ती या वळणांवरून जाते, आत शिरत नाही. द्रुतातल्या ताना तिथेच फाटतात आणि तंबोऱ्याच्या जव्हारीचा कण्या झालेला आवाज येतो. शिबाटा टोकाची धार साधारण ६ मायक्रॉन त्रिज्येची, मायक्रोलाइनची त्याहून बारीक. १९७० च्या दशकात जपानमध्ये चार वाहिन्यांच्या सीडी-४ तबकड्या आल्या. त्यांत ३० किलोहर्ट्झचा वाहक सिग्नल वाचायचा होता, त्या गरजेतून शिबाटा टोक जन्माला आलं. आज आपल्याला ते उपयोगी पडतं ते तराण्याच्या शेवटच्या आवर्तनांत.

टोकानंतर दांडी. ॲल्युमिनियम, मग बोरॉन, मग माणिक किंवा हिरा. दांडी जितकी ताठ आणि हलकी, तितका टोकाचा कंप कॉइलपर्यंत शाबूत पोचतो. त्यापुढचे पैसे कवचाचे, हातकामाचे आणि नावाचे. जपानच्या कोएत्सुची अकीक आणि जेडच्या कवचांची कार्ट्रिजं देखणी असतात. दगडाच्या वजनाचा आवाजावर परिणामही होतो, पण तो पसंतीचा भाग झाला. द्रुत सावरण्याचं मुख्य काम टोक आणि दांडीच करतात.

तुमचा संग्रह कसला आहे तेही पाहा. चोर बाजारातून आणलेल्या जुन्या एलपी बहुधा जड सुयांनी उगाळलेल्या असतात. बारीक टोक खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर भिडतं. नशीब असेल तर तिथली भिंत कोरी निघते, नसेल तर प्रत्येक ओरखडा नव्याने ऐकू येतो. संग्रहात अशाच तबकड्या जास्त असतील तर गोल टोकाचं डीएल-१०३ कमी पैशांत अधिक सुख देईल. ७८ च्या तबकड्यांना मात्र यातलं काहीच लावू नका. त्यांची खाच रुंद, तिला वेगळी जाड सुई लागते.

झीजही हिशेबात धरा. मूव्हिंग कॉइलची सुई घरी बदलता येत नाही. टोक संपलं की कार्ट्रिज कंपनीला देऊन सवलतीत नवं घ्यायचं, नाहीतर कारागिराकडून टोक बसवून घ्यायचं. चांगलं टोक हजार तास चाललं, तर चाळीस मिनिटांच्या एलपीच्या हिशेबाने दीड हजार तबकड्या होतात. कार्ट्रिजच्या किमतीला दीड हजाराने भागा. येणारा आकडा तुम्ही दर एलपीमागे मोजणार आहात; तो परवडत असेल तरच दुकानात जा.

आणि जाताना आपली रेकॉर्ड न्या, पाठ झालेली. विक्रेता पहिल्या ओळीवर सुई ठेवेल. तुम्ही ती उचलून शेवटच्या पट्ट्यावर ठेवायला सांगा. तानेतला आकार आकारच राहतो का, तबल्याची चाट गायकाच्या आवाजात मिसळत नाही ना, एवढंच ऐका.

पुढच्या आठवड्यात कार्ट्रिज बसवू. तोवर एक तयारी करा: पितळी स्क्रूड्रायव्हर मिळवा. लोखंडी असेल तर आतलं चुंबक तो हातातून ओढून घेतं, आणि त्याच्या वाटेत नेमकी सुई असते.