लेक बी.ए. झाली, आता पुढे काय?

निकालाचे दिवस आले की गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजता मोजता एक विषय हमखास निघतो. कुणाची तरी लेक बी.ए. झालेली असते. एक बाई म्हणते, "बी.ए.ला आता कोण विचारतंय?" दुसरी म्हणते, "स्थळं बघायला लागा." आणि लेक म्हणते, "मी एमपीएससी करते." तिन्ही गोष्टी घाईत बोललेल्या असतात. आज आपण याच विषयावर सावकाश बोलू.

नर्सिंग शिकलेली मुलगी नर्स होते, हे सगळ्यांना कळतं. बी.ए.चं तसं नाही. ही पदवी तुम्हाला फाट्यापर्यंत आणून सोडते, तिथून रस्ता आपण निवडायचा असतो. रस्ते नाहीत असं नाही, पण ते माहीत नसले तर मुलगी फाट्यावरच उभी राहते. आणि उभी राहिलेल्या मुलीचा निर्णय मग दुसरेच घेतात.

पहिला रस्ता स्पर्धा परीक्षांचा. राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते. वयाची मर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षं आहे. 2025 पासून मुख्य परीक्षेत सविस्तर उत्तरं लिहायची आहेत. त्यामुळे इतिहास, राज्यशास्त्र, मराठी मन लावून शिकलेल्या मुलीला तिच्या लिखाणाचा उपयोग होईल. पण जागा थोड्या आणि अर्ज फार, हे विसरू नका. म्हणून सोबत इतर परीक्षाही द्याव्यात. तलाठी भरतीला कोणतीही पदवी चालते. लिपिक-टंकलेखक पदाला पदवीबरोबर मराठी टायपिंग 30 शब्दांचं किंवा इंग्रजी 40 शब्दांचं लागतं. टायपिंगचा क्लास तालुक्याला असतो, तो लगेच लावता येतो.

सरकारी बँकांच्या लिपिक परीक्षेला वय 20 ते 28 लागतं आणि इंग्रजीचा पेपर सोडून बाकी परीक्षा मराठीतून देता येते. यात एक सवलत फार थोड्या बायकांना माहीत आहे. विधवा, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त झालेल्या आणि पुन्हा लग्न न केलेल्या पदवीधर बाईला खुल्या गटात 35, ओबीसीत 38 आणि अनुसूचित जाती-जमातींत 40 वर्षांपर्यंत ही परीक्षा देता येते. तुमच्या गटात अशी कुणी असेल तर तिला हे आजच सांगा.

दुसरा रस्ता शिक्षकाचा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही. त्या वर्गांना डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण जिला डी.एड. म्हणायचो ती पदविका. बी.एड. आहे वरच्या वर्गांसाठी. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. लेकीला लहान मुलांना शिकवायचंय की मोठ्या, हे आधी ठरवा, मगच प्रवेश घ्या.

तिसरा रस्ता लोकांमध्ये राहून काम करण्याचा. अंगणवाडी सेविकेला बारावी लागते, पण तिच्यावरच्या पर्यवेक्षिकेच्या पदाला पदवी लागते. त्या भरतीत समाजशास्त्र, गृहविज्ञान, बालविकास अशा विषयांच्या मुलींचा विचार होतो. समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. ही पदवी दोन वर्षांत होते. तिच्या जोरावर संस्था, दवाखाने, सरकारी योजना यांत काम मिळू शकतं. वकिली करायची असेल तर कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी एका वर्षात होते.

"एवढं शिकवायला पैसा कुठला?" हे तुम्ही विचारणारच. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारने पूर्ण माफ केली आहे. बी.एड. आणि कायदा त्यात येतात. घराचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला माफी नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. यासाठी सीईटी द्यावी लागते. तिचे अर्ज निकालाच्या बरेच आधी सुटतात, म्हणून मुलगी तिसऱ्या वर्षाला असतानाच चौकशी करा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तेव्हाच काढून ठेवा. स्पर्धा परीक्षेच्या मोफत तयारीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या समाजगटांतल्या मुलांना मदत करतात.

मग यातला रस्ता निवडायचा कसा? लेकीला जवळ बसवून तीन प्रश्न विचारा. दिवसभर कोणतं काम करायला तुला आवडेल: शिकवायला, लिहायला-वाचायला, की माणसांत फिरायला? पहिला पगार हातात यायला किती वर्षं लागतील? आणि त्यासाठी गाव सोडावं लागेल का? शेजारणीची मुलगी काय करते, हा चौथा प्रश्न मात्र विचारू नका.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. स्पर्धा परीक्षेची तयारी करता करता पाच-सहा वर्षं निघून जातात, हे आपण गावोगाव बघतो. मुलगी थकते, घरचेही थकतात. तेव्हा मुदत आधीच ठरवा. समजा, दोन वर्षं. दोन वर्षं घरात कुणी लग्नाचा विषय काढायचा नाही, अभ्यासाच्या वेळी तिला चुलीकडे आणि गोठ्यात हाक मारायची नाही. आणि तिने त्याच काळात टायपिंग किंवा बी.एड.सारखा दुसरा रस्ताही हातात धरायचा. हे वहीत लिहून आई, वडील आणि लेक तिघांनी सह्या करायच्या. दोन वर्षांनी यश आलं नाही तर ती हरली असं नाही. दुसऱ्या रस्त्याची तयारी तोवर झालेली असते.

या कामी गटही उपयोगी पडतो. परीक्षेला जिल्ह्याच्या गावी जायचं असेल तर दोघी-तिघी मुली मिळून पाठवता येतात. अर्जाच्या फीपुरतं छोटं कर्ज गटातून देता येतं. आपण म्हैस घ्यायला कर्ज देतोच की. आणि ज्या बापाला बायकोचं म्हणणं पटत नाही, त्याच्या अंगणात दहा बायका जाऊन बसल्या की बोलणं वेगळं होतं.

येत्या बैठकीत हजेरी झाली की एवढंच विचारा: आपल्यापैकी कुणाची लेक किंवा सून बी.ए. झालीय, किंवा यंदा तिसऱ्या वर्षाला आहे? त्यांची नावं वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला त्या मुलींनाच बोलवा. त्यांचं काय म्हणणं आहे, ते आधी त्यांच्याच तोंडून ऐकू या.