गलबताचा आकार कुणी ठरवला?

बाळांनो, डोंबिवलीहून धीम्या गाडीनं ठाण्याला निघालात की मुंब्र्याच्या आसपास मोबाइलमधून जरा डोकं वर काढा. एका अंगाला पारसिकचा डोंगर दिसेल, दुसऱ्या अंगाला रुंद खाडी. उल्हास नदीचं पाणी कल्याणच्या दुर्गाडीखालून येतं, ठाण्याला वळसा घालतं आणि घोडबंदरावरून वसईला समुद्रात उतरतं. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी आली, पण त्याआधी इथल्या मालाचा हमरस्ता म्हणजे ही खाडीच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनातसुद्धा कल्याण बंदराचं नाव आहे!

१६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि याच खाडीत आरमाराची लाकडं तासायला सुरुवात झाली. जहाजं बांधायला रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा नोकरीला होते. वसईच्या पोर्तुगीजांना ही बातमी झोंबली. त्यांनी गुपचूप निरोप धाडले आणि बापलेक काम टाकून निघून गेले. काम मात्र थांबलं नाही. या आरमारात गुराबं होती, गलबतं होती, मचवे आणि पडाव होते.

त्यातलं गलबत डोळ्यांसमोर आणा. दोन डोलकाठ्या, पुढची मोठी आणि मागची लहान. मोठं तिकोनी शीड. चाळीस-पन्नास वल्ही. लांबट अंग, पुढे निमुळती होत गेलेली नाळ. बघणारा म्हणतो, काय देखणं आहे! पण सुतारानं ते देखणं दिसावं म्हणून तसं केलेलं नाही. मग हा आकार ठरवला कुणी?

पहिला मान चिखलाचा. आपल्या खाडीत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. भरतीला जिथं होडी डौलात उभी असते, तिथं सहा तासांनी नुसता गाळ उरतो. खोल, टोकदार तळाचं जहाज त्या गाळात कलंडून पडेल. म्हणून तळ हवा उथळ आणि रुंद. पाणी गेलं की होडी चिखलावर बसते आणि पाणी आलं की आपसूक उठते.

तांडेलाकडे, म्हणजे होडीच्या म्होरक्याकडे, इंजिन नव्हतं, पण चंद्र होता. भरतीबरोबर कल्याणकडे चढायचं, ओहोटीबरोबर खाली उतरायचं. भरती कधी येणार, हे कळायला आपल्या किनाऱ्यावर एक सोपं गणित आहे. तिथीला पाऊणानं गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि रात्रीही तीनच्या सुमारास. हे कसं जमतं? चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. रोजची पाच मिनिटांची तूट साचत जाते खरी, पण पंधरवडा संपला की प्रतिपदेपासून हिशेब पुन्हा नव्यानं सुरू होतो. हे गणित समुद्रकाठचं. पाणी खाडीतून कल्याणला चढेपर्यंत आणखी वेळ जातो, तो तांडेल अनुभवानं मिळवायचा.

दुसरा मान वाऱ्याचा. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारा उलट, समुद्राकडे वाहतो. वारा पाठीशी असेल तर कुठलंही शीड चालतं. पण तो समोरून आला तर?

इथं तिकोनी शिडाची करामत आहे. कलिंगडाची ओली बी दोन बोटांत दाबली की ती कशी पुढे सटकते? बोटं दाबतात बाजूंनी, बी पळते पुढे. होडीचंही तसंच. एका बाजूनं वारा शिडाला ढकलतो आणि दुसऱ्या बाजूनं पाणी तळाला अडवतं. या दोघांच्या कचाट्यातून सुटायला होडीला एकच दिशा मोकळी असते, पुढची. वाऱ्याच्या थेट तोंडावर कुणालाच जाता येत नाही. पण आधी उजवीकडे तिरकं, मग डावीकडे तिरकं, अशी नागमोडी चाल धरली तर वारा जिथून येतो तिथंही पोचता येतं.

आता गंमत बघा. पाण्यानं तळाला अडवावं, म्हणून शिडाला हवा खोल तळ. चिखलाला हवा उथळ. दोघांचं कायमचं भांडण! सुतारानं त्यात तोडगा काढला. तळाचं मुख्य लाकूड, म्हणजे पठाण, खोल न नेता नाळेपासून मागच्या टोकापर्यंत लांबच लांब ठेवलं. खोलीची उणीव लांबीनं भरून काढली. म्हणून अंग लांबट झालं. वाऱ्याचा भार जास्त झाला तर होडी उलटू नये, म्हणून मधला भाग रुंद झाला. पाणी कापता यावं, म्हणून पुढचं टोक निमुळतं झालं. वारा पडला तर अडू नये, म्हणून वल्ही आली. तुम्हाला जी रेष सुंदर वाटते, तिथं कुठलं तरी भांडण मिटलेलं असतं.

या तोडग्याची किंमत इंग्रजांना १६७९ मध्ये खांदेरीला कळली. त्यांची खोल तळाची जहाजं बेट अडवून समुद्रात उभी, आणि मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद घेऊन बेटावर पसार!

तिसरा मान एका किड्याचा. खरं तर तो किडा नव्हेच, शिंपल्याचा भाऊबंद. अंग लांबुळकं आणि डोक्याशी दोन इवलेसे शिंपले. त्या शिंपल्यांनी तो लाकूड खरवडतो आणि कल्ल्यांतल्या जिवाणूंच्या मदतीनं पचवतो. खाऱ्या पाण्यातली होडी हा बाहेरून न दिसता आतून पोखरतो. म्हणून साग निवडला. सागात मुरलेलं तेल या पाहुण्याला रुचत नाही आणि लोखंडी खिळेही त्यात लवकर गंजत नाहीत. इंग्रजांच्या ओक लाकडातलं आम्ल मात्र खिळ्यांना खाऊन टाकतं.

म्हणूनच इंग्रजांनी पुढे आपल्या लढाऊ नौका मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींकडून सागात बांधून घेतल्या. १८०५ ची एक नौका, तिचं नाव ‘सालसेट’. सालसेट म्हणजे साष्टी, ज्या बेटावर ठाणं वसलंय तेच! १८०८-०९ च्या हिवाळ्यात ती बाल्टिक समुद्राच्या बर्फात अडकली आणि सुखरूप सुटली. तिच्यानंतर १८१७ मध्ये इथंच बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगते आहे.

आता तुमचा अभ्यास. थर्माकोलची होडी करा, तिला कागदाचं तिकोनी शीड लावा, पाण्यात सोडा आणि बाजूनं पंख्याचा वारा द्या. ती आडवी वाहत जाईल. मग तळाला लांब पट्टी उभी चिकटवा आणि पुन्हा सोडा. शिडाचा कोन बदलत राहा, एका क्षणी ती पुढे सटकेल. घरभर पाणी झाल्याबद्दल आईनं विचारलं, तर कल्याणच्या खाडीत आरमार बांधणं चालू आहे म्हणा. फक्त आजोबांचं नाव सांगू नका.