रेंज फुल असूनही आवाज का तुटतो? तुमच्या कॉलमागे दोन मशीन काय बोलतात, ते समजून घ्या

तारीख १० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात वाजत आले होते आणि हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. रिश्टर स्केलवर नोंद झाली ४.५. शेजारच्या नांदेड आणि परभणीतही धक्का जाणवला. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास दहा-बारा मिनिटांत दोन धक्के बसले होते. पहिला ४.५ चा, दुसरा ३.६ चा.

आता विचार करा. असा धक्का बसला की माणूस आधी घराबाहेर पळतो. आणि त्यानंतर लगेच? खिशातून फोन काढतो. पुण्यात कामाला असलेला मुलगा वसमतला आईला फोन लावतो, औंढ्याची बहीण सेनगावच्या भावाला लावते. हे सगळं एकाच दोन-चार मिनिटांत. अशा वेळी फोनवर रेंज फुल दिसत असते, तरी कॉल लागेलच याची खात्री नसते. लागला तर "हॅलो... हॅलो... आवाज तुटतोय तुझा!"

आपण म्हणतो, "टॉवरच भंगार आहे." बऱ्याचदा ते खरंही असतं. टॉवरवर गर्दी होते, लाइट जाते, फायबर तुटतं. पण प्रत्येक वेळी दोष टॉवरचाच नसतो. फोनवरच्या काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोहोचतोय. कॉलला स्वतःची जागा मिळाली का, हे त्या काड्या सांगत नाहीत. ती जागा ठरते तुमच्या गावापासून लांब, दोन मशीनच्या संभाषणात. त्या संभाषणाच्या भाषेचं नाव आहे ‘डायमीटर’.

आधी कॉलला स्वतःचा रस्ता होता

२जीच्या काळात तुम्ही कॉल लावला की नेटवर्क तुमच्यासाठी एक वाट राखून ठेवायचं. बोलणं संपेपर्यंत ती वाट तुमचीच. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. जिओकडे २जी, ३जी नव्हतंच, फक्त ४जी. म्हणजे आवाजसुद्धा इंटरनेटसारखा, डेटाचे छोटे तुकडे करून पाठवायचा. यालाच व्होएलटीई म्हणतात. नंतर एअरटेल आणि बाकीच्या कंपन्याही या वाटेने आल्या.

यात फायदे बरेच झाले. आवाज स्पष्ट झाला, कॉल पटकन लागू लागला. पण एक नवा प्रश्न आला. आता आईचा आवाज आणि शेजाऱ्याचं रील एकाच रस्त्यावरून धावणार. रील दोन सेकंद अडकलं तर फरक पडत नाही, गोल चक्र फिरतं आणि पुन्हा सुरू होतं. आवाजाचं तसं नाही. तुकडे उशिरा आले तर ते निरुपयोगी. म्हणून ४जीच्या जागतिक नियमांत आवाजासाठी वेगळा वर्ग ठेवलाय. त्यात आवाजाच्या तुकड्यांना ठरलेला वेग राखून मिळतो आणि त्यांनी साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, नेटवर्कमधला आपला टप्पा पार करायचा असतो.

पण मेख अशी की ही राखीव लेन आपोआप उघडत नाही. प्रत्येक कॉलला ती मागावी लागते.

मोंढ्याचं गेट आणि आतलं ऑफिस

हिंगोली आणि वसमत म्हटलं की हळदीचा बाजार आलाच. हळदीने भरलेली गाडी मार्केट यार्डच्या गेटवर येते. गेटवरचा माणूस बघतो गाडी कुणाची, माल काय. पण कुठल्या शेडमध्ये जागा द्यायची हे तो ठरवत नाही. तो आतल्या ऑफिसला विचारतो. ऑफिसने हो म्हटलं की गाडी आत आणि जागा पक्की.

मोबाइल नेटवर्कमध्ये गेटवरचा हा माणूस म्हणजे सेशन बॉर्डर कंट्रोलर, थोडक्यात एसबीसी. तुमचा प्रत्येक व्होएलटीई कॉल त्याच्यासमोरून जातो. कॉल खरा आहे का, कुठून आलाय, कुठे जायचाय, हे तो तपासतो. आणि आतलं ऑफिस म्हणजे पॉलिसी सर्व्हर. इंजिनिअर त्याला पीसीआरएफ म्हणतात. कुणाला किती वेग, किती प्राधान्य, हे त्याच्या हातात.

तुम्ही कॉल लावता तेव्हा साधारण असं घडतं:

१. एसबीसी पॉलिसी सर्व्हरला सांगतो, "या आयपी पत्त्यावरचा ग्राहक कॉल करतोय. आवाज आहे, एवढा वेग लागेल."

२. पॉलिसी सर्व्हर ग्राहकाची नोंद बघतो आणि नेटवर्कच्या गेटवेला आदेश देतो की याच्यासाठी आवाजाची लेन उघड.

३. गेटवे तो निरोप पुढे टॉवरपर्यंत नेतो. टॉवर जागा राखतो.

४. पॉलिसी सर्व्हर एसबीसीला ‘२००१’ हा आकडा पाठवतो. डायमीटरच्या भाषेत २००१ म्हणजे "झालं काम".

तुम्ही कॉल कट केला की एसबीसी पुन्हा कळवतो आणि लेन मोकळी होते. उलटंही होतं. तुमची रेंज मध्येच गेली आणि लेन तुटली, तर पॉलिसी सर्व्हर एसबीसीला सांगतो. हे सगळं प्रत्येक कॉलला, आणि बोलणाऱ्या दोघांच्या बाजूंनी वेगवेगळं. सगळं नीट असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही.

‘डायमीटर’ हे नाव कसं पडलं?

१९९१ मध्ये इंटरनेट ग्राहकांची ओळख तपासण्यासाठी ‘रेडियस’ नावाची पद्धत आली. रेडियस म्हणजे त्रिज्या. तिच्या पुढची, जास्त ताकदीची पद्धत बनवताना नाव दिलं डायमीटर, म्हणजे व्यास. व्यास त्रिज्येच्या दुप्पट असतो, एवढाच त्यातला विनोद. डायमीटरचा मूळ मसुदा २००३ मध्ये पक्का झाला, सुधारित २०१२ मध्ये.

५जीच्या नव्या गाभ्यात मशीन बोलण्यासाठी वेबसारखीच भाषा वापरतात. पण ४जीवरचा तुमचा कॉल अजूनही डायमीटरवरच चालतो.

मग यात सेट काय काय करावं लागतं?

एसबीसी आणि पॉलिसी सर्व्हर आपोआप एकमेकांना ओळखत नाहीत. इंजिनिअरला ही ओळख हाताने करून द्यावी लागते.

नाव: प्रत्येक मशीनला एक नाव आणि ते ज्या घरचं आहे त्या घराचं नाव लागतं. घराच्या नावाला ‘रिल्म’ म्हणतात. ते वेबसाइटच्या पत्त्यासारखं दिसतं आणि त्यात देशाचा कोड असतो, भारताचा ४०४ किंवा ४०५. यात एक अक्षर चुकलं तरी समोरचं मशीन म्हणतं, "ओळखत नाही."

पत्ता आणि दार: समोरच्याचा आयपी पत्ता आणि पोर्ट. डायमीटरचं ठरलेलं पोर्ट आहे ३८६८. फायरवॉलमध्ये ते बंद राहिलं तर बोलणं सुरूच होत नाही.

विषय: डायमीटरवर अनेक कामं चालतात, म्हणून प्रत्येक कामाला नंबर असतो. एसबीसी आणि पॉलिसी सर्व्हरमधल्या कामाचा नंबर १६७७७२३६. जोडणी होताना दोघं आपापले नंबर सांगतात. एकही जुळला नाही तर जोडणी नाकारली जाते.

नाडी: लाइन शांत असली की मशीन मधून मधून विचारतं, "आहेस ना?" याचा ठरलेला वेळ सहसा ३० सेकंद. म्हणजे समोरचं मशीन गुपचूप बंद पडलं तर ते कळायला जवळपास एक मिनिट जाऊ शकतं. वेळ फार कमी ठेवला तर उलटं होतं. जरा उशीर झाला की चांगलं मशीनही मेलं असं समजून जोडणी तोडली जाते.

पर्याय: पहिला पॉलिसी सर्व्हर बोलला नाही तर दुसरा कुठला? दुसरा लिहूनच ठेवला नसेल, किंवा तोही त्याच खोलीत त्याच वीजजोडणीवर असेल, तर पर्यायाला अर्थ नाही.

उत्तर आलं नाही तर?

पॉलिसी सर्व्हरने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही, तर एसबीसीने काय करायचं? दोन रस्ते आहेत. एक, कॉल नाकारायचा. दोन, राखीव लेनशिवाय तसाच सोडायचा. पहिल्यात कॉल लागतच नाही. दुसऱ्यात कॉल लागतो, पण आवाज रीलच्या गर्दीतून जातो. रस्ता मोकळा असेल तर तुम्हाला फरक कळणार नाही. गर्दी असेल तर "हॅलो, हॅलो" सुरू.

म्हणजे रेंज फुल आणि आवाज तुटका, यामागचं एक कारण इथे असू शकतं. लेन मागितली गेली, पण मिळाली नाही.

भूकंपाच्या सकाळी कुठला रस्ता बरा? आईचा तुटका का होईना, आवाज ऐकू येणं हे कॉल न लागण्यापेक्षा बरं. ११२ सारख्या आपत्कालीन कॉलसाठी तर डायमीटरच्या निरोपात वेगळी खूणच पाठवता येते, म्हणजे त्याला वरचं प्राधान्य मिळतं. पण ती खूण दोन्ही मशीनला समजते ना, हे शांत दिवसांत तपासून ठेवावं लागतं.

जपानमध्ये काय झालं होतं?

२ जुलै २०२२. जपानच्या केडीडीआय कंपनीत देखभालीच्या कामात एका राउटरची सेटिंग चुकली आणि कॉल काही मिनिटं अडखळले. चूक दुरुस्त झाली, पण तोवर लाखो फोन पुन्हा पुन्हा जोडणी मागू लागले होते. आवाजाची यंत्रणा आणि ग्राहकांची नोंद ठेवणारा डेटाबेस दोन्ही या मागण्यांखाली तुंबले. गोंधळ सुमारे ६१ तास चालला. आपत्कालीन कॉलनाही फटका बसला. मूळ चूक छोटी होती, नंतरची गर्दी मोठी ठरली. म्हणूनच एसबीसीवर आणखी एक मर्यादा ठरवतात. सेकंदाला किती मागण्या पुढे पाठवायच्या आणि उत्तर नाही आलं तर किती वेळा पुन्हा विचारायचं.

तुमच्या हातात काय आहे?

ही मशीन हिंगोलीत नसतात, सहसा मोठ्या शहरांतल्या डेटा सेंटरमध्ये असतात. तिथली सेटिंग आपण बदलू शकत नाही. पण नेमकी तक्रार करू शकतो.

आधी बघा, रेंजशेजारी व्होएलटीईचं चिन्ह आहे का. नसेल तर फ्लाइट मोड चालू-बंद करा, फोन नेटवर्कवर पुन्हा नोंद करतो. नेट नीट चालतंय, व्हॉट्सअॅप कॉल लागतोय, पण साधा कॉल लागत नाही किंवा तुटतो? मग टॉवरवर सगळा दोष टाकण्याआधी ही गोष्ट तक्रारीत लिहा. तारीख, वेळ, गाव आणि लावलेला नंबर द्या. वेळ आणि नंबर असेल तर इंजिनिअरला तो कॉल नोंदींमध्ये शोधता येतो. "रेंज नाही" एवढंच लिहिलं तर टॉवर तपासून तक्रार बंद होते.

तक्रार १९८ वर करा आणि डॉकेट नंबर घ्या. समाधान नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्यानंतर केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल आहे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

पण ट्रायचा एक नियम लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यात सेवा चार तासांहून जास्त बंद राहिली तर कंपनीने ट्रायला कळवायचं असतं. २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि, १ एप्रिल २०२५ पासून, प्रीपेडवाल्यांना वाढीव व्हॅलिडिटी द्यायची असते. नैसर्गिक आपत्तीमुळे बंद पडली तर मात्र ही भरपाई मिळत नाही. इथे मोजमाप जिल्ह्याचं आहे. हिंगोलीतलं नेटवर्क बंद पडलं तर मुंबई-पुण्यात सुरू आहे म्हणून चालत नाही.

आवाज तुटणं मात्र ‘सेवा बंद’ यात बसत नाही. तुमच्या त्रासाची नोंद व्हायची तर तक्रार करणं हा तुमच्या हातातला मार्ग आहे. त्यामुळे पुढच्या वेळी आवाज तुटला तर स्टेटस टाकायच्या आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा.