जहाजे अंतराळातली, हिशेब घरातला

उन्हाळ्याच्या सुट्टीत भिलाई-जामुलकडच्या रणरणत्या दुपारी मुलांना घरात गुंतवायचे कसे? स्टीफन कोल यांचा १९७९ सालचा 'स्टार फ्लीट बॅटल्स' हा अंतराळयुद्धाचा बैठा खेळ मोठा रंजक. पण एक फेरी ३२ टप्प्यांची! नवखा तिथेच कंटाळतो. म्हणून आधी सोपे नियम घ्या.

षटकोनी घरांचा पट, दोघांचे एकेक जहाज. जहाज तोंडासमोरच्या घरात सरकते. त्याला सहा बाजूंना सहा ढाली. ज्या बाजूने मारा होतो, तीच ढाल झिजते. तेव्हा दुबळी बाजू शत्रूपासून वळवून ठेवा.

हे जमले की ऊर्जेचा नियम आणा. दर फेरीला ऊर्जा ठरलेली, पगारासारखी! सारी वेगात उधळली, तर तोफांना काय उरणार? मुले हिशेब आपोआप शिकतील.