बारा जणांचा कोपरा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जानेवारीतल्या संध्याकाळी सात वाजता मिट्ट काळोख असतो. शाळेच्या व्यायामशाळेत, समजा, शंभर शेजारी जमले आहेत. मतपेटी नाही, मतपत्रिका नाही. ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मग डोकी मोजतात.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, अमेरिकेत नोव्हेंबरातल्या अध्यक्षीय निवडणुकीचंही तिकीट सामान्य मतदार देतात. बहुतेक राज्यांत मतदान करून, म्हणजे प्रायमरीतून. आयोवातले डेमोक्रॅट मात्र २०२० पर्यंत ते असं उभं राहून देत. याला म्हणतात कॉकस.

त्यातला एक नियम मला फार विलक्षण वाटतो. बहुतेक ठिकाणी मोजणीत टिकायला उमेदवाराला हजर लोकांपैकी किमान १५ टक्के माणसं लागत. शंभरांत पंधरा. तुमच्या कोपऱ्यात बाराच भरले, तर तुम्हाला पुन्हा ठरवायची संधी मिळे. आता समोरच्या कोपऱ्यातून हाका येतात. हाक मारणारी कधी मुलांची शिक्षिका असते, कधी गल्लीतला शेजारी. ‘इकडे या, आमचा माणूस नोव्हेंबरात निवडून येईल!’ मनाला पटलेला माणूस की जिंकू शकणारा माणूस, ही ओढाताण एरवी डोक्यात चालते. इथं ती पायांनी चालताना दिसते. लोकशाहीचं इतकं उघडं रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आयोवातल्या डेमोक्रॅटांच्या कॉकसची १९ जानेवारी २००४ची रात्र घ्या. एक उमेदवार हॉवर्ड डीन. त्यांचा इराक युद्धाला पहिल्यापासून विरोध. त्यांच्यामागे तरुण कार्यकर्त्यांची फौज होती. दुसरे उमेदवार जॉन केरी यांनी २००२ साली सिनेटमध्ये त्याच युद्धाला परवानगी देणारं मत दिलेलं. पण ते व्हिएतनामहून पदकं घेऊन आलेले सैनिक, नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासमोर टिकतील असे. युद्धाचा संताप असलेल्या कितीतरी लोकांनी हाच हिशेब केला. कॉकसमधून ठरणाऱ्या राज्य अधिवेशनाच्या प्रतिनिधींमध्ये केरींचा वाटा सुमारे ३८ टक्के, डीन यांचा १८. नोव्हेंबरात केरी हरले. डीन यांचा रस्ता कुणी चालून पाहिलाच नाही. तत्त्व सोडणाऱ्याला हीच गोष्ट आयुष्यभर टोचत राहते: आपला हिशेब चुकला की नाही, हे ताडून पाहायला दुसरा नोव्हेंबर मिळत नाही.

पण ‘निवडून येणारा’ म्हणजे नेमकं काय? उंची किंवा वय मोजावं तसा हा गुण माणसात शोधायला गेलं तर सापडत नाही. शेअर बाजार समजावताना अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ साली एका वर्तमानपत्री स्पर्धेचा दाखला दिला होता. शंभर फोटोंतून सहा सुंदर चेहरे निवडायचे. बक्षीस त्याला, ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी जुळेल. मग तुम्ही स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता आवडेल याचा अंदाज बांधता. आणि इतरही तेच करत असतात! कुणाचंच खरं मन उघड होत नाही, तरी निकाल लागतो.

एकमेकांविषयीचे हे अंदाज एका रात्रीत फिरू शकतात. २००७ साली साउथ कॅरोलायनातले अनेक कृष्णवर्णीय मतदार ओबामांबद्दल साशंक होते. माणूस आवडत होता. गोरे लोक त्याला मत देतील, यावर विश्वास बसत नव्हता. ३ जानेवारी २००८ला आयोवा ओबामांनी जिंकलं. लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून जास्त गोरे असलेलं राज्य. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात त्यांना ५५ टक्के मतं पडली. कृष्णवर्णीय मतदारांत दहापैकी जवळपास आठ. तेवीस दिवसांत उमेदवार तोच राहिला. बदलला तो लोकांचा एकमेकांविषयीचा अंदाज.

एखादी चतुर मतदानपद्धत या पेचातून सोडवेल, असं वाटतं ना? तत्त्वज्ञ गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि अर्थतज्ज्ञ सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये गणितानं दाखवून दिलं, की तीन किंवा जास्त उमेदवारांतून एक निवडायचा असेल आणि निकाल एकाच माणसाच्या मुठीत नसेल, तर मतदारांच्या पसंतिक्रमावर चालणाऱ्या प्रत्येक पद्धतीत कधी ना कधी मनातलं मत लपवणंच एखाद्याच्या फायद्याचं ठरतं.

व्यायामशाळेतल्या त्या बारा जणांपाशी मात्र एक गोष्ट असते, जी पडद्याआड एकट्यानं मत देणाऱ्याला मिळत नाही. इतर काय करतील याचा अंदाज त्यांना बांधावा लागत नाही. माणसं समोरच उभी असतात. पंधरा व्हायला तिघेच कमी आहेत. आणि शेजारचा नऊ जणांचा कोपराही आत्ताच मोडला आहे.